पाना आणि पान्हा

डिसेंबर संपत आला, की मुंबईकर ज्याला मोठ्या कौतुकाने थंडी म्हणतात ते चार दिवस येतात. नेमके त्याच दिवसांत आमच्या पार्ल्याच्या न्हाणीघरातील 17 वर्षांच्या गीझरने पाणी कोमट करण्यापलीकडे काही करण्यास नकार दिला. पाणी तापवणारे एलिमेंट बदलावे लागेल आणि त्याआधी 25 लिटरची टाकी रिकामी करावी लागेल, असे दुरुस्तीला आलेल्या तरुणाने सांगितले. त्यात काय अवघड, असे म्हणून मी थंड पाण्याचा कॉक बंद केला आणि गरम पाण्याचा नळ सोडला. दोन-चार थेंब गळून नळ गप्प झाला.

"काका, ती अशी रिकामी होत नाही," तो म्हणाला. थंड पाणी टाकीच्या तळाशी शिरते आणि गरम पाणी थेट वरपर्यंत गेलेल्या आतल्या नळीच्या तोंडातून बाहेर पडते. म्हणजे इतकी वर्षे मी गरम पाणी काढत नव्हतो, तर गच्चीवरच्या टाकीतील थंड पाणी ते माझ्यासाठी बाहेर ढकलत होते. आजीच्या तांब्याच्या बंबाचा कारभार याहून उघड होता. तोटी खाली असल्यामुळे तो सरळ रिकामा होई, आणि आत जाळ असताना रिकामा झाला तर सांधे निखळतील म्हणून काढाल तेवढे पाणी वरून घाला, असा तिचा दंडक होता. गीझरमध्ये तो दंडक यंत्राने स्वतःच पाळायला घेतलेला आहे.

टाकी उपसण्याचा मार्ग एकच होता: थंड पाण्याच्या वाटेवरचा पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याची इवलीशी दांडी उचलली की पाणी मोकळे होते. हाच व्हॉल्व्ह गरम पाण्याला उलटे जाऊ देत नाही आणि वाढलेला दाबही सोडतो, कारण 25 अंशांचे पाणी 60 अंशांवर गेले की साधारण दीड टक्का फुगते आणि आमच्या टाकीत सुमारे साडेतीनशे मिलिलिटर पाण्याला जागा उरत नाही. पूर्वी तो ठिबकत असे आणि त्याबद्दल घरात कुरबुरही होई. पुढे ठिबकणे आपोआप थांबले, तेव्हा आम्ही समाधान मानले होते. "ठिबकत होता तोवर तो काम करत होता, काका," तो शांतपणे म्हणाला.

दांडी हलेना. तिच्याभोवती पांढरट-हिरवट पुटे चढली होती. महापालिकेचे तलावाचे पाणी तसे मृदू, परंतु उन्हाळ्यात आमच्या इमारतीत बोअरिंगचे पाणी मिसळतात आणि तापल्यावर त्यातला चुना जमेल तिथे बसतो. मराठीत अवजार तो पाना आणि आचळात उतरते ते पान्हा. इथे पाना लावूनही हा पितळी जीव पान्हा चोरून बसला होता. जोर केला तर जुनी दांडी तुटून सगळे पाणी अंगावर येईल, म्हणून त्याने व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तिच्याभोवती गुंडाळले आणि आम्ही चहा घेतला. अशा कामात घाई न करणारा माणूस भेटणे हे भाग्यच.

अर्ध्या तासाने दांडी उचलली गेली, पण पाणी आले नाही. शहाळ्यातील नळीच्या वरच्या टोकावर बोट ठेवावे तसे वरून हवा नसल्यामुळे ते आतच अडकले होते. मी बंद करून ठेवलेला गरम पाण्याचा नळ त्याने पुन्हा उघडला, तेव्हा नळाने घुर्र आवाज करत हवा ओढली आणि खाली धार लागली: आधी स्वच्छ, मग चहाच्या रंगाची, मग एकदम बंद. तारेने टोचल्यावर पांढरी कणी आणि मातकट गाळ बादलीत पडला. त्या वाटीभर गाळात भातसा-वैतरणेचे किती पावसाळे होते कोण जाणे. टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजण्यासाठी बसवलेल्या मॅग्नेशियमच्या कांडीची तर नुसती तार उरली होती.

संध्याकाळपर्यंत एलिमेंट, कांडी आणि व्हॉल्व्ह, तिन्ही नवे बसले. रात्री न्हाणीघरातून हाक आली, "अहो, नवा व्हॉल्व्हसुद्धा ठिबकतोय."

"ठिबकू दे," मी म्हणालो आणि खाली एक तांब्या ठेवून आलो.