आमची वाटचाल: 52 चा बोअर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशिनशॉप दोन जुन्या लेथवर सुरू झालं. नंतरची बरीच वर्षं कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, येत होतं, मशीनवर कापून झालेले जॉब जात होते. सांगायचं आहे ते परत आलेल्या लॉटबद्दल.

पंपाचं बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंगचं घर, 6205 नंबरचं बेअरिंग बसतं ते. बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, 52 एच7: माप 52.000 ते 52.030 मिमीच्या आत हवं. 600 नगांतले निम्म्याहून जास्त अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान, निघाले. खरेदीने इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या टोकाला बसणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याचा, ग्रेड बदलून पैसे वाचवले होते. प्रॉडक्शनने जुन्या तक्त्याप्रमाणे एका कडेवर 120 नग काढले. नवी कड सत्तरीतच झिजत होती, आणि कड झिजली की बोअर लहान होत जातो. क्वालिटी 25 नगांमागे एक मोजत होती, तोही मशीनवरून उतरल्या उतरल्या. जॉब पंधरा अंशांनी थंड झाला की या बोअरमधले आठ मायक्रॉन, म्हणजे 0.008 मिमी, जातात. तिघांनी आपापलं काम चोख केलं होतं आणि एकमेकांना काहीच सांगितलं नव्हतं. महिनाअखेर म्हणून गाडी भरायला लावली ती मालकाने.

त्याच आठवड्यात शेजारच्या शॉपने नगामागे दोन रुपये कमी लावून ते ड्रॉइंग, म्हणजे त्या नगाचं काम, उचललं, आमचं जॉब धरायचं फिक्स्चर डोळ्यांनी पाहून गेल्यावर. ते अजून सलतं. सांगलीचे जुने पंपवाले मात्र डेबिट नोट लावून पैसे कापले तरी पुढचं शेड्यूल पाठवत राहिले. त्यांच्यामुळे शटर उघडं राहिलं.

तेव्हापासून सकाळी पावणेनऊला खरेदी, प्रॉडक्शन, क्वालिटी आणि डिस्पॅच यांचे प्रमुख बोर्डासमोर उभे राहतात. पंधरा मिनिटं, खुर्च्या नाहीत. कालचा प्लॅन किती चुकला, कुठलं मशीन कशासाठी थांबलं, आज काय अडणार, ते कोण किती वाजेपर्यंत सोडवणार, एवढंच. इन्सर्टचा ग्रेड किंवा कास्टिंगचा पुरवठादार बदलायचा तर तिघांच्या सह्या लागतात. आधी ट्रायल: कड संपेपर्यंत दर दहाव्या नगाचं माप, जॉब खोलीच्या तापमानाला आल्यावर. महिन्याचे शेवटचे तीन दिवस शेड्यूल गोठवलेलं असतं.

सेटिंगचा, म्हणजे एक जॉब उतरवून मशीन दुसऱ्यासाठी लावायचा, वेळही इथेच सुटला. दुसऱ्या जॉबचे पकडणारे जॉ, टूल आणि माप तपासायचं गेज आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर लागायला हवेत. ते मशीन लावणाऱ्या सेटरच्या एकट्याच्या हातात नसतं. खरेदीने इन्सर्ट दिला नाही, क्वालिटीने गेज सोडलं नाही, तर मशीन बंद ठेवून शोधाशोध होते. आमचे 95 मिनिटांचे 35 झाले, नवं मशीन न घेता.

मालकांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. शॉपमध्ये फिरताना थेट सेटरला हाक मारून दुसरा जॉब चढवायला लावू नका. घाई असेल तर पावणेनऊला बोला. त्या एका हाकेने चौघांचा प्लॅन मोडतो आणि दुसऱ्या दिवसापासून बोर्ड कुणी मनावर घेत नाही. आणि बोर्डाशेजारी प्लग गेज, म्हणजे बोअरमध्ये घालून माप तपासायचं गेज, असू द्या. वाद निघाला की नग मागवायचा, थंड होऊ द्यायचा आणि गेजची गो बाजू, बरोबर बोअरमध्ये जायलाच हवी ती, लावून बघायची.