चार मिनिटं मागे

घड्याळ वेळ बघण्यासाठी असतं, हे मोबाइलने खोटं ठरवलं आणि त्याबद्दल मी मोबाइलची मनापासून आभारी आहे. वेळ आता पर्समध्ये असते, ओव्हनवर असते, गाडीत असते, लिफ्टमध्येसुद्धा असते. मनगटावरच्या जुन्या घड्याळाला त्यामुळे नोकरीतून सुट्टी मिळाली. ज्याच्यावर कुणाची लोकल अवलंबून नाही की कुणाचा पेपर अवलंबून नाही, ते दिवसाला चार मिनिटं मागे पडलं तर बिघडलं कुठे?

माझ्याकडचं एक स्विस घड्याळ नेमकं एवढंच मागे पडतं. कंपनीचं नाव सांगत नाही. साठीच्या पुढे गेल्यावर आतलं तेल वाळणं हा काही कंपनीचा दोष नव्हे. त्याचं तेलपाणी करून घेता येईल, काटा वेळेवर आणता येईल, हे मला ठाऊक आहे. पण सकाळी चहा होईपर्यंत त्याला किल्ली द्यायची, चार मिनिटं पुढे सरकवायचं आणि हातात बांधायचं, याची इतकी सवय झाली आहे की ते सुधारलं तर सकाळी हाताला करायला काही उरणार नाही.

किल्लीच्या घड्याळाला नेमकं काय होतं, हे एकदा कळलं की त्याच्यावर रागावता येत नाही. किल्ली दिली की आतली स्प्रिंग आवळली जाते. ती सुटायला बघते आणि तिला एकदम सुटू न देता थोडं थोडं सोडणं, एवढंच बाकीच्या यंत्राचं काम. या सोडण्याला ताल देतं ते बॅलन्स व्हील. केसाएवढ्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर ते चाक इकडून तिकडे झुलतं. जुन्या घड्याळांत बहुतेक वेळा तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे चार लाख बत्तीस हजार हेलकावे झाले. त्यात चार मिनिटांची चूक म्हणजे हजारातल्या तीनपेक्षाही कमी हेलकाव्यांची. माझ्या कामात चुकांचं प्रमाण इतकं कमी असतं तर ऑफिसात माझा फोटो लावला असता.

शिवाय हे चाक ज्या स्थितीत झुलतं त्याप्रमाणे त्याची चाल बदलते. रात्री घड्याळ तबकडी वर करून ठेवलं तर एक चाल, किल्ली वर करून कुशीवर उभं ठेवलं तर दुसरी. म्हणून जुनी माणसं झोपताना घड्याळ ठरावीक पद्धतीने ठेवायची. दिवसभरात पुढे गेलेलं रात्रीत मागे यायचं. माझ्या खणातलं एक घड्याळ पाठीवर झोपलं तर पुढे पळतं आणि कुशीवर झोपलं तर वळणावर येतं. स्पीकरजवळ ठेवलं तर मात्र चुंबकाने त्याचं डोकं फिरू शकतं, मग ते कुणाचंच ऐकत नाही. क्वार्ट्झच्या घड्याळाला असली नाटकं नसतात. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि महिन्याकाठी काही सेकंदांपलीकडे चुकत नाही. मला त्याच्याबद्दल आदर आहे. एका चाळीत राहूनही ज्यांच्याशी कधी बोलणं झालं नाही, अशा शेजाऱ्याबद्दल असतो तसा.

वेळेतल्या फरकाचं आपण उगाच मनाला लावून घेतो. १ जानेवारी १९०६ला देशासाठी एकच प्रमाण वेळ लागू झाली तेव्हा मुंबईने चक्क नाही म्हटलं. शहराची स्वतःची ‘मुंबई वेळ’ होती, प्रमाण वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. सूर्य आमच्याकडे उशिरा डोक्यावर येतो, तर आम्ही कुणाच्या तरी सोयीसाठी लवकर का उठायचं, असा सवाल होता आणि त्यात परक्या सरकारवरचा रागही होताच. ही मुंबई वेळ १९५५पर्यंत टिकून राहिली. म्हणजे जवळजवळ अर्धशतक एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. रेल्वे एका वेळेने धावत होती आणि शहरातले कितीतरी लोक दुसऱ्या वेळेने जेवत होते. त्या मानाने माझी चार मिनिटं फारच सोज्वळ.

आता खणाकडे. घरातले त्याला ‘भंगार’ म्हणतात आणि शब्द फारसा चुकीचा नाही. त्यात ज्याचा सेकंदकाटा गळालेला आहे असं एक आहे, काचेला तडा असलेलं एक आहे, आणि तबकडी जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी पडलेलं एक. सगळ्यात सुदृढ आहे ती एचएमटीची ‘जनता’. १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बेंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर कैक वर्षं भारतातलं पहिल्या पगाराचं, दहावी पास झाल्याचं, लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ म्हणजे एचएमटी. ‘पायलट’, ‘जवान’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, ‘कांचन’ ही नावं नुसती वाचली तरी एका पिढीची स्वप्नं कळतात. ऐंशीच्या दशकात टायटन क्वार्ट्झ घेऊन आली, लोकांना किल्ली द्यायचा कंटाळा आला आणि २०१६मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचं ठरवलं. ती बातमी आली तशी लोकांना एकाएकी एचएमटी आठवली. आपल्याकडे बंद पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या नशिबी हा शेवटच्या दिवसांतला जिव्हाळा असतोच.

मी वापरते ती सगळी ‘जेन्ट्स’ घड्याळं. त्या काळातलं पुरुषांचं घड्याळ चौतीस-पस्तीस मिलिमीटरचं असायचं, ते माझ्या मनगटावर बरोबर बसतं. आजच्या पुरुषांच्या घड्याळात तर पोहे खाता येतील. त्या काळच्या बायकांच्या घड्याळांची मात्र मला कीव येते. नखाएवढी तबकडी, त्यावर मुंगीच्या पायांसारखे काटे, आणि आत इतकं चिमुकलं यंत्र की दुरुस्त करणाऱ्याने हात जोडावेत. पुरुषाला यंत्र आणि बाईला दागिना, अशी सरळ वाटणी होती. माझ्या आईच्या घड्याळात वेळ बघायला ती मलाच हाक मारायची.

या घड्याळांच्या पाठी वाचणं हा वेगळा आनंद आहे. परदेशी लिलावांच्या छायाचित्रांत मागच्या झाकणावर वळणदार अक्षरांत कोरलेली अर्पणं दिसतात. आपल्याकडे झाकणावर बहुधा स्टेनलेसच्या भांड्यांवर असतं तेच कोरीवकाम असतं. तीच थरथरती टिंबाटिंबांची रेघ आणि तीच घाईतली तारीख. लग्नात आलेल्या ताटावर, तांब्यावर आणि जावयाच्या घड्याळावर एकाच माणसाने एकाच सुईने नावं घातली असावीत असा मला दाट संशय आहे. माझ्याकडच्या एका घड्याळाच्या पाठीवर फक्त ‘सप्रेम भेट’ आहे. कुणाकडून, कुणाला, काही नाही. नावासाठी जागा सोडलेली आहे आणि ती रिकामीच राहिली आहे. संग्राहकांच्या हिशेबात पाठीवर काही कोरलेलं असलं की सहसा किंमत उतरते. मला हे फार सोयीचं पडलं आहे.

आता त्या बदनाम प्रकाराकडे येते, ज्याला जगभरचे जुन्या घड्याळांचे शौकीन नाक मुरडून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. म्हणजे तबकडी नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे, बाहेरचं कवच तिसऱ्याचं आणि यंत्र चौथ्याचं. रंग असे की मूळ कारखान्यातल्या माणसाला घेरी यावी: भडक नारिंगी, मोरपिशी, कधी एकाच तबकडीवर दोन्ही. सेकंदाच्या खुणा मोजल्या तर कुठे तरी एक जास्त भरते. ‘स्विस मेड’ लिहिताना एखादं अक्षर जाड झालेलं असतं किंवा ओळ एका बाजूला कललेली असते. नवशिक्यांना पहिला उपदेश असतो तो हाच की भारतातून आलेलं चकचकीत, स्वस्त जुनं घड्याळ घेऊ नका.

उपदेश बरोबर आहे. जुनं मूळ घड्याळ म्हणून रंगवलेलं गळ्यात मारणं ही फसवणूकच. पण या खिचडीचा उगम फसवणुकीत नाही, असं मला वाटतं. फाव्र ल्यूबाचा मुंबईशी संबंध १८६५पासूनचा, वेस्ट एंडची ‘सोवार प्राइमा’ फौजेत आणि रेल्वेत मिरवलेली. अशी स्विस घड्याळं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. पुढे आयातीवर बंधनं आली. मूळ सुटा भाग मागवायचा म्हणजे साहेबाला पत्र लिहून वाट बघत बसायचं. त्यात इथला पावसाळा. मुंबई-कोकणची दमट हवा काचेखाली शिरली की दोन-चार पावसाळ्यांत तबकडीवर डाग पडतात, रंग फुगतो. अशा वेळी घड्याळवाल्यापुढे दोनच रस्ते होते: गिऱ्हाइकाला ‘काही होणार नाही’ म्हणून परत पाठवायचं, नाहीतर तबकडी खरवडून, रंगवून, वर नाव छापून द्यायची. त्याने दुसरा रस्ता धरला. गिऱ्हाइकाला वेळ बघायची होती, आणि मुलीच्या सासरी जाताना घड्याळ नवं दिसायला हवं होतं. पुढच्या शतकात कुणीतरी भिंग लावून अक्षरांची जाडी तपासेल, हे त्या दोघांच्याही मनात नव्हतं.

म्हणून मी खिचडी घेते, फक्त ती खिचडी म्हणून विकली जात असेल तर. चोरबाजारात मटन स्ट्रीटला एका दुकानदाराला विचारलं, “डायल रिपेंट है ना?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मॅडम, डायल रिपेंट, काँटा रिपेंट, मैं भी आधा रिपेंट.” त्याच्याकडून घेतलेलं मोरपिशी घड्याळ मी लग्नांना घालते. पैठणीवर ते अप्रतिम दिसतं आणि अजून एकाही स्विस माणसाने तक्रार केलेली नाही.

डाग, ओरखडे, खोट यांचं कौतुक करायची हल्ली साथच आली आहे, तिच्यात मात्र मी नाही. गंज म्हणजे गंज. तो आत यंत्रापर्यंत गेला असेल तर त्यात कसलंही काव्य नसतं, ते घड्याळ हळूहळू संपत असतं. अंधारात चमकणाऱ्या जुन्या आकड्यांचंही तेच. कितीतरी जुन्या तबकड्यांवर रेडियम आहे. त्यांची चमक कधीच गेलेली असते, कारण प्रकाश देणारं रसायन थकतं. रेडियम थकत नाही, त्याला निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. असलं घड्याळ घरी उघडून आकडे खरवडत बसणं हा शहाणपणा नव्हे. काचेवरच्या बारीक चऱ्यांना मात्र माझी काही हरकत नाही. जुनी काच अ‍ॅक्रिलिकची असते, टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासली की बऱ्याचशा चऱ्या जातात. खोल असतात त्या राहतात. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, काच घासत बसण्याइतकं डोकं रिकामं करणारं दुसरं काम मला माहीत नाही. ध्यानाच्या वर्गाला जाऊन पाहिलं होतं. तिथे मी डोळे मिटून किराण्याची यादी करत असे.

आमच्या भागात जिन्याखाली बसणारे एक घड्याळजी आहेत. काचेची पेटी, वर टेबललॅम्प, डोळ्यात अडकवलेलं भिंग. लोक आता त्यांच्याकडे फक्त सेल बदलायला येतात. मी किल्लीचं घड्याळ पुढे केलं की ते आधी कानाला लावतात, मग माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, “ताई, हे चालतंय. याला कशाला त्रास देता?” त्यांच्या मते जगातली निम्मी घड्याळं दुरुस्त केल्यामुळे बिघडली आहेत. झाकण उघडून आत बघू देतात तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलतो. ही खड्यांची सतरा ठिकाणं, हा बॅलन्स, इथे आधी कुणीतरी हात घातलाय बघा, हा स्क्रू याचा नाही. दुसऱ्या कारागिराने केलेली जोडाजोड त्यांना अक्षर ओळखावं तशी ओळखू येते. कधी शिवी देतात, कधी “बरं केलंय” म्हणतात. दुसरं फार क्वचित.

परिपूर्ण घड्याळं जमवणारे एक-दोघे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे मूळ डबा असतो, मूळ पावती असते आणि झोप नसते. घड्याळ बांधून बाहेर पडले की दाराच्या कडीला लागेल, पावसात भिजेल, भाव उतरेल, ही काळजी. शेवटी ती घड्याळं बँकेच्या लॉकरमध्ये जातात आणि तिथे अंधारात, किल्ली न देता, दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतात. माझी घड्याळं कणीक मळताना तेवढी काढून ठेवते. एरवी त्यांना लागायचं ते आधीच लागून झालेलं आहे. नवा ओरखडा पडला तरी जुन्यांच्या गर्दीत तो मलाही सापडत नाही.

सध्या मी एका ‘जनता’च्या शोधात आहे. तबकडीवर देवनागरी आकडे असलेली, एक ते बारा सगळे आपल्या लिपीतले. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एकाकडे ओळीने पाच मांडलेल्या दिसल्या. पाचही पांढऱ्याशुभ्र, कालच रंगवल्यासारख्या. बहुतेक कालच रंगवलेल्या. मी म्हटलं, “दादा, एखादी मळकी नाही का?” त्याला वाटलं मी खोट काढून भाव पाडतेय. “ताई, सकाळची वेळ आहे, भवानी करा,” म्हणत त्याने शंभर रुपये कमी केले. मी पुन्हा सांगितलं, मला खरंच मळकी हवी आहे. त्याने आणखी पन्नास कमी केले.