वर जव, खाली मेंढ्या

मी युरोपातल्या एका म्युझियममध्ये मातीच्या पाट्यांचे, म्हणजे ओल्या मातीवर बोरूने खुणा दाबून लिहिलेल्या प्राचीन हिशोबांचे, फोटो काढतो. ऐकायला भारी वाटतं, पण काम म्हणजे सहा बाजू, सहा फोटो, उजेड कायम वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरपा, चला पुढची. आणि पाटी पानासारखी उलटायची नाही, खालची कड वर घेऊन पालथी घालायची, कारण लिहिणाऱ्याने तशीच घातली होती. हे लक्षात ठेवा.

परवा एक तळहाताएवढी पाटी आली, दक्षिण इराकची, तिथल्या उर नावाच्या प्राचीन शहराच्या तिसऱ्या राजघराण्याच्या काळातली म्हणजे 4000 वर्षं जुनी. मधे आडवी भेग, शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी चिकटवलेली. वर बायका कामगारांचं रेशन, महिन्याला 30 सिला जव, सिला म्हणजे साधारण एक लिटर. (पुरुषाला 60. असो.) खाली मेंढ्या-बकऱ्या. आता एकाच हिशोबात हे दोन्ही कशाला? उजेड अजून आडवा केला आणि दिसलं. वरच्या ओळी ऐसपैस, खालच्या दाटीवाटीने. भेगेवर लिंपण, त्यावर चक्क खोट्या खुणा! बोरूने दाबलेली खरी खूण खोल असते, कोपरा कसा धारदार, आणि ह्या टोकदार कशानेतरी ओरखडलेल्या, कडेला मातीचा भुगा उचललेला. म्हणजे दोन पाट्यांचे तुकडे जोडून दलालाने अख्खी म्हणून विकली. 1909 च्या आसपास दक्षिण इराकमधल्या द्रेहेमला लोकांनी चोरून खणून असल्या पाट्या बाजारात आणल्या, त्यात मेंढ्यांचे हिशोब ढिगाने, त्यामुळे कच्चा माल भरपूर.

खरी गंमत तारखेची. तेव्हा वर्षाला आकडा नसायचा, एखाद्या घटनेवरून नाव असायचं. ते नाव शेवटी येतं, म्हणजे मागच्या बाजूला खाली, आणि पाटी तशी पालथी होत असल्यामुळे तो भाग जवाच्याच तुकड्यावर. राजा अमर-सुएनने उर्बिलुम, म्हणजे आजचं एर्बिल, उद्ध्वस्त केलं ते वर्ष. कॅटलॉगवाल्यांनी तेच मेंढ्यांनाही लावलं आणि इतकी वर्षं कुणाला शंका नाही, कारण कॅटलॉग बघून कॅटलॉग बनतात.

सोडवू या म्हटलं तर सरस पाण्यानेच सुटतो, आणि पाटी कच्ची, तीही पाण्यात विरघळणार. कॉन्झर्व्हेटर मॅडम म्हणाल्या हात लावू नकोस, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण सिस्टीम म्हणते वस्तू प्रत्यक्ष वेगळी झाल्याशिवाय दुसरा नंबर मिळणार नाही! ईमेल टाकलाय, उत्तर नाही. तोवर फोटो भेगेवर कापून क आणि ख अशा दोन फायली करून ठेवल्यात, न विचारता.