पेशंट यार्री? फॅमिली कौन्सेलिंगचा माझा अनुभव

आधीच सांगतो, कौन्सेलर मॅडम चांगल्या होत्या, फरक पडला, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा राग आहे तो खालच्या मजल्यावरच्या काउंटरवर, आणि खरं म्हणजे काउंटरवरच्या माणसांवर पण नाही, त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या पेशंटच्या नावाच्या एका रकान्यावर. सहा महिने झाले पण अजून त्या हॉस्पिटलच्या रोडनं गाडी घातली की तो रकाना आठवतो. नाव लिहीत नाही, बेळगावातलंच आहे, मोठं आहे.

झालं असं की आमचा मुलगा पाचवीत गेला आणि रोज सकाळी साडेसातला त्याच्या पोटात दुखायला लागलं. रविवारी नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल आलं, मग लहान मुलांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की कौन्सेलरला दाखवा. माझ्या आईला वाटलं पोराला वेडा ठरवलं, ती दोन दिवस जेवली नाही, ते सोडा.

मी उद्यमबागला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, बायको चंदगडकडची. चौथीपर्यंत पोरगा मराठी शाळेत होता, पाचवीला बायकोनं इंग्लिश मीडियमचा हट्ट धरला, आईचं म्हणणं मराठीतच राहू दे. दोघींचं बोलणं बंद, आणि मी फोन आलाय म्हणून गॅलरीत. फोन आलेला नसायचा.

तर पहिल्या बुधवारी मी, बायको आणि पोरगा गेलो. काउंटरच्या बाईंनी वर न बघता कन्नडमध्ये विचारलं, "पेशंट यार्री?" म्हणजे पेशंट कोण? मी म्हटलं मुलगा, पण मॅडमनी फोनवर सांगितलंय सगळ्यांनी या. "सगळे पेशंट?" मी म्हटलं तसं नाही, सगळे मिळून. तर म्हणाल्या एका फाईलला एकच नाव, तिघं बसणार तर तीन फायली, शंभर शंभर रुपये, आणि प्रत्येकाचं आधार. माझं खिशात होतं, बायकोचं घरी. शहापूरला जाऊन घेऊन आलो. तीन फायली झाल्या आणि मग खरी गंमत, कॉम्प्युटर एका डॉक्टरकडे एका वेळी एकच पेशंट घेतो, त्यामुळं मुलाला साडेअकरा, बायकोला शनिवार आणि मला पुढचा बुधवार! मी म्हटलं अहो आम्ही एकाच घरात राहतो, भांडण एकत्र होतं. त्या म्हणाल्या सिस्टम घेत नाही सर. मी आवाज चढवला, मागच्या रांगेतला माणूस पण चढला, बायको बाजूला जाऊन उभी राहिली आणि पोरानं पोट धरलं. हे नाटक मॅडमना नंतर सांगितलं तर त्या म्हणाल्या तुमचं घर मला तिथंच दिसलं असतं.

दुसऱ्या बुधवारी परत हाफ डे टाकला. काउंटरनं रेकॉर्ड सेक्शनला पाठवलं, तो तळमजल्याला मागच्या बाजूला, तिथले साहेब जेवायला. आले तर म्हणाले तीन फायली एकत्र करता येत नाहीत, एक ठेवा, दोन रद्द करा, रद्द करायला अर्ज द्या. अर्ज कुठल्या भाषेत, तर कन्नड नाहीतर इंग्लिश. मला कन्नड बोलायला येतं, लिहायला नाही, इंग्लिशमध्ये "फॅमिली इज वन" असलं काहीतरी लिहून दिलं. दोनशे रुपये परत मिळाले नाहीत. शेवटी एका शिपायानं जिन्यात गाठून सांगितलं, पोराला पेशंट ठेवा आणि तुम्ही अटेंडर म्हणून, म्हणजे सोबतचे म्हणून बसा की, अटेंडर कितीबी चालतात! एवढं सोपं होतं, पण काउंटरला कुणी सांगत नाही. तर पहिली टीप हीच, कुटुंबानं जाणार असाल तर एकाचीच फाईल, बाकीचे अटेंडर. आणि फोन करूनच विचारा फाईल कुणाच्या नावानं काढायची.

वर खोलीत गेल्यावर मॅडमनी पण तेच विचारलं, पण उलटं. म्हणाल्या पेशंट हा नाहीच, तुमच्यातलं नातं आहे, हा फक्त त्याची बातमी देतोय. त्या धारवाडकडच्या, मराठी समजतं पण बोलताना अडखळतात. बायकोला लग्नाला बारा वर्षं झाली तरी कन्नड "स्वल्प स्वल्प". म्हणून मी मध्ये बसून तिचं म्हणणं कन्नडमध्ये सांगायला लागलो. तिनं पाच मिनिटं सांगितलेलं मी दोन वाक्यात संपवलं, आईबद्दलचं तर सरळ गाळलं. मॅडमनी हात वर केला, "नीवु ट्रान्सलेट माडब्याड्री," तुम्ही ट्रान्सलेट करू नका. तिला म्हणाल्या तू मराठीतच बोल, मला कळतंय, आणि माझ्याकडं नको, यांच्याकडं बघून बोल. त्यानंतरचा अर्धा तास मी इथं लिहिणार नाही.

ही दुसरी टीप समजा, दुभाषी म्हणून घरचा माणूस अजिबात नको. आपल्या भाषेतला कौन्सेलर मिळत नसेल तर सरकारी टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट आहे आणि भाषा निवडता येते. मी एकदा रात्री बाराला लावला होता. ते कुटुंबाची बैठक घेत नाहीत पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात, मनोचैतन्य म्हणतात त्याला, जायच्या आधी चौकशी करा.

मग मॅडमनी पोराला पेन आणि कोरा कागद दिला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, जवळ असतील तर दोन रेघा, भांडण असेल तर नागमोडी. पोरानं आज्जीचा गोल काढला, मम्मीचा काढला, मधली नागमोडी रेघ इतकी दाबून काढली की कागद फाटला. स्वतःचा चौकोन बरोबर त्या रेघेवर बसवला. माझा चौकोन वर कोपऱ्यात, त्याला एक पण रेघ नाही. मॅडमनी विचारलं पप्पा कुठं आहेत? तो म्हणाला, "गॅलरीत." मी कागदाकडंच बघत बसलो.

दोघांचं जमेना की तिसऱ्याला मध्ये ओढून ताण कमी करतात, तो त्रिकोण, असं त्यांनी समजावलं. मरे बोवेन नावाच्या अमेरिकन डॉक्टरचं हे म्हणणं. घरी येऊन मी वाचलं, त्यानं १९५४ पासून पुढं एका सरकारी संस्थेत आधी मुली आणि त्यांच्या आया, नंतर आईबाप, भावंडं असं अख्खं कुटुंबच वॉर्डात ॲडमिट करून अभ्यास केला होता. मला पहिला प्रश्न पडला तो हा की त्याच्या काउंटरवर काय लिहिलं असेल?

चार बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीला आई पण आली, तिला कसं आणलं तो वेगळा विषय, थोडक्यात खोटं बोललो, डोळे दाखवायचे म्हणून. (असं करू नका, खोलीत शिरल्यावर पंधरा मिनिटं ती तोंड फिरवून बसली होती.) शाळा बदलली नाही, पण ठरलं की शाळेचं त्याच्यासमोर बोलायचं नाही आणि सकाळी त्याला मी सोडायचं. पोट दुखायचं हळूहळू थांबलं. मॅडम म्हणाल्या आता मुलगा नको, नवराबायको या, आज्जींना पण दहा मिनिटं बोलवीन.

गेलो. आणि परत तेच.

"पेशंट?" मी म्हटलं शाळेत आहे. "पेशंट नसेल तर फाईल ओपन होत नाही सर." म्हणजे बघा, पोरगा बरा होऊन शाळेत बसलाय म्हणून आमची फाईल बंद! मी म्हटलं बाई, तो शाळेत आहे हीच तर ट्रीटमेंट. त्या म्हणाल्या मग आज शाळेतून घेऊन या. माझं डोकं सटकायच्या बेतात होतं, बायको अहो चला म्हणत होती, रांग मागं दारापर्यंत. तेवढ्यात मागच्या बाकावरनं आई उठली, पिशवीतनं आधार काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"लिव गं पोरी माझं नाव. सत्तरीत माणूस पेशंटच असतंय की."

काउंटरच्या बाई पहिल्यांदा हसल्या. बायको पण हसली, आणि सासूच्या बोलण्यावर ती हसलेली मी वर्षभरात पाहिली नव्हती. ज्येष्ठ नागरिक म्हणून आईला रांग पण लागली नाही.

आमच्या नवराबायकोच्या पुढच्या सगळ्या बैठका आईच्या फाईलवर झाल्या. पावतीवर तिचं नाव, वय ७१, अटेंडर दोन. पेशंट हजर पाहिजे म्हणून ती प्रत्येक वेळी यायची, दहा मिनिटं आत, मग बाहेर कॉरिडॉरमध्ये पंख्याखाली बसून शेंगा सोलायची, कचरा पदरात. आम्ही दोघं आतून कधी तोंड पाडून, कधी लाल डोळ्यांनी बाहेर आलो की उभी राहायची आणि बायकोला, मला नाही, बायकोला विचारायची, "काय गं, माझं काय म्हणाल्या डॉक्टरीण? उतार आहे का?"

आणि बायको सांगायची, "आहे आत्ती. गोळी नको म्हणाल्या."