मसूरच्या नळावरचं पाणी

मसूरजवळचं आमचं गाव. मी कराडच्या कोर्टात वकिली करते. परवा साताऱ्याला जायला मसूर स्टेशनवर आले, तर बाटली घरीच राहिलेली. फलाटावरच्या नळाला ओंजळ लावली, पोटभर पाणी प्यायले आणि ओले हात ओढणीला पुसताना एकदम आठवलं, बाबासाहेब लहानपणी इथंच उतरले होते.

१९०१ साल. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार, दुष्काळी कामावर. नऊ-दहा वर्षांचा भिवा, थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून गाडीनं निघाली. अंगावर नवे कपडे, डोक्याला जरीच्या टोप्या. पण येतोय म्हणून धाडलेलं पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं, त्यामुळं न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं विचारपूस केली. जात कळली आणि त्याचा चेहराच बदलला, तो आपल्या खोलीत निघून गेला. शेवटी दुप्पट भाड्यावर एक बैलगाडी ठरली. हाकायची मुलांनीच, गाडीवाला शेजारून चालणार. जेवणाचा डबा भरलेला होता, पण पाणी नव्हतं. रात्री नाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून मागितलं, तरी मिळालं नाही. भरल्या डब्याशेजारी पोरं उपाशी झोपली.

हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. माझी आजीही सांगायची, की विहिरीवर आपण लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. मसूर वाचताना मला आजीची ती रिकामी घागर दिसते.

पुढं कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी. त्याबद्दल सगळेच बोलतात. वकील म्हणून मला मात्र महाड जास्त जवळचं वाटतं. २० मार्च १९२७ ला ते चवदार तळ्याचं पाणी प्यायले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला होता, हजारो माणसं जमली, पण त्याआधीच कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता. त्यांनी तो पाळला. जमलेल्या माणसांना माघारी जायला सांगणं किती जड गेलं असेल! मग दावा लढवला. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. तळं फक्त सवर्णांनीच वापरायचं, ही 'पूर्वापार वहिवाट' दावा लावणाऱ्या सवर्णांना सिद्ध करता आली नाही. तारखा पडल्या की माझे पक्षकार खचतात, तेव्हा मी त्यांना ही दहा वर्षं सांगते.

राज्यघटनेचं कलम १५, उपकलम २ काढून बघा. जातीवरून कुणाला कुठं अडवायचं नाही, ते त्यात आहे. दुकानं, उपाहारगृहं आहेतच; शिवाय विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते एकेक करून नावानिशी लिहिलेत. घटनेसारख्या ग्रंथात 'विहीर' हा शब्द! सगळं कलम एकट्या बाबासाहेबांनी लिहिलं असं मी म्हणणार नाही, ते संविधान सभेनं मंजूर केलेलं आहे. पण मसुदा समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत हा मसूरला तहानलेला मुलगा बसलेला होता.

गावच्या शाळेनं यंदा ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिवसाला मला बोलायला बोलावलंय. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. रजिस्टरमधल्या त्या नोंदीबद्दल गुरुजी सांगतीलच. मी मुलांना मसूर स्टेशनपर्यंत चालत नेणार आहे, फार लांब नाही. नळाशी उभं राहून आधी ती बैलगाडीची हकीकत सांगीन, मग कलम वाचून दाखवीन.