ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

मुंबईत ब्रेक खराब झालेले लवकर कळतच नाहीत. सायन ते कुर्ला दुसऱ्या गिअरात रांगणाऱ्या गाडीला अर्धवट लागणारा ब्रेकही पुरतो. बिंग फुटतं ते रविवारी संध्याकाळी, लोणावळ्याहून परतताना, खंडाळ्याच्या उतारावर.

ब्रेक पॅडकडे निदान कोणीतरी बघतं. पेडलचा दाब नळीतून चाकांपर्यंत नेणाऱ्या ऑइलकडे कोणी बघत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपल्याकडे ओलावा बारा महिने. नवं डॉट ४ ग्रेडचं ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटात सारखा पेडलवर पाय ठेवला की चाकासोबत फिरणारी डिस्क तापते, मग तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर, मग आतलं ऑइल. ते उकळलं की नळीत वाफ. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल भुसभुशीत होऊन खाली जातं. अर्ध्या तासाने सगळं थंड झालं की ब्रेक पुन्हा नीट, आणि गॅरेजवाला म्हणतो, 'साहेब, काही प्रॉब्लेम नाही.'

गाडी कमी चालली असली तरी दर दोन वर्षांनी जुनं ऑइल पूर्ण काढून, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून नवं भरायचं. ग्रेड ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेली असते. वरून थोडं ओतणं म्हणजे बदलणं नव्हे. उलट पातळी उतरली असेल तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय, ते आधी बघा. गेल्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली वापरू नका.

पॅडचं लायनिंग ३ मिलिमीटरवर आलं की बदला. 'चीं' आवाज येतो तो बहुतेकदा पॅडवरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासते म्हणून. तेव्हा गाण्यांचा आवाज वाढवणारे लोक पुढे डिस्कचेही पैसे भरतात. डिस्कला टर्निंग मारायचं (लेथवर घासून सपाट करायचं) असेल तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचून घ्या.

आतला पॅड २ मिलिमीटर आणि बाहेरचा ७, असं दिसलं तर बहुधा स्लायडर पिन, म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन, जाम आहे. बहुतेक वेळा रबरी टोपी फाटून पाणी शिरलेलं असतं, पिनवर तांबूस गंज. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. हे न करता नुसते पॅड बदलले तर तेही तसेच कमीजास्त झिजणार.

स्कूटर साचलेल्या पाण्यातून काढली की ड्रम ब्रेक जवळपास लागतच नाही. थोडं अंतर हळू जात ब्रेक हलकेच दाबून लायनर सुकवा.

आज घरीच करता येईल अशी एक तपासणी: इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. पाय सावकाश खाली जात असेल, तर पेडल दाबल्यावर ऑइल नळीत ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय किंवा गळती आहे. गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा.