स्वस्त मजुरीचं कौतुक पुरे

खरेदी विभागात काम करत असल्यामुळे कोटेशन आलं की माझी नजर किमतीआधी डिलिव्हरीच्या तारखेवर जाते. माल बंदरात अडकून पडला तर ती स्वस्ताई काय चाटायची? म्हणूनच ‘मजुरी स्वस्त की देश पुढे’ हे गणित मला पटत नाही. नेदरलँड्सच्या एएसएमएलचंच बघा. सगळ्यात प्रगत चिप बनवायला लागणारी ईयूव्ही यंत्रं (अतिनील प्रकाशाने चिपवर सूक्ष्म नक्षी उमटवणारी) जगात तीच एक कंपनी विकते, आणि तिथली मजुरी काही स्वस्त नाही. त्या यंत्रांतले आरसे जर्मनीच्या झाइस कंपनीचे, लेसर तिथल्याच ट्रम्फ कंपनीचा. असे पुरवठादार वर्षानुवर्षं सांभाळावे लागतात, टेंडर काढून मिळत नाहीत. देशाच्या चलनाचा भाव पाडूनही निर्यात वाढवता येते, हो. पण आयात होणारा कच्चा मालही त्याबरोबर महागतो. भाषणांत हे कुणी सांगत नाही, आमच्या बिलांत मात्र दिसतं.